दुपट्ट्याची गाठ

घाटंजी
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

चि. शीला हिस,

सप्रेम जय भीम, आणि ज्येष्ठ बंधूचे आशीर्वाद. ज्यांचा उपयोग शून्य असला तरी पुरवठा अखंड आहे.

दूरध्वनी हाताशी असताना पत्र का, असे तू विचारशील. आपल्या आईने शहात्तराव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडे गमावली. श्रवणेंद्रिय मात्र तिने अशा तीक्ष्ण अवस्थेत राखले आहे की स्वयंपाकघरात मी तुझ्याशी कुजबुजलो तर अंगणातून उत्तर येते. शिवाय तू नागपुरातल्या त्या निद्रा-प्रयोगशाळेत रात्रभर परक्या माणसांच्या मस्तकांना तारा जोडून त्यांना झोपताना पाहतेस आणि स्वतः दिवसा झोपतेस. दूरध्वनी करावा कोणत्या मुहूर्तावर?

आता प्रकृत विषय. मला सिद्धी प्राप्त झाली आहे. हसू नये.

ऑक्टोबरात मी दहा दिवसांचे आनापान शिबिर केले, हे तुला ठाऊक आहे. श्वास आत येतो हे जाणावे, बाहेर जातो हे जाणावे, एवढेच. तेव्हापासून रोज पहाटे चाळीस मिनिटे बसतो. प्रारंभी चित्त माकडासारखे हिंडे. वाचनालयातील न परतलेल्या पुस्तकांची यादी, पुष्पाचे टोमणे, सर्व काही आठवे. अलीकडे मात्र बसतो आणि चाळीस मिनिटे क्षणार्धात संपतात. पूर्ण शांतता.

गेल्या महिन्यापासून ही शांतता मोटारसायकलवरही अवतरू लागली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मला यवतमाळास जावे लागते. नदीवरचा पूल संपताना दिसतो, आणि त्यानंतर दिसते ते थेट गिट्टीच्या खदानीचे फाटक. मधली दोनशे पावले जगातून वजा झालेली असतात. हात स्थिर, वाहन मार्गावर, चित्त निर्विचार. डाव्या कुशीत, बरगड्यांखाली, अकस्मात तीव्र कळ येते आणि मी देहात परततो. त्या जागी निळसर चिन्हेही उमटली आहेत. या लक्षणास शास्त्रात काय म्हणतात, हे मी वाचनालयाच्या सात क्रमांकाच्या कपाटात शोधतो आहे.

तुझ्या यंत्रांच्या भाषेत यास काय संज्ञा आहे ते कळव. मला नोंदीसाठी हवी आहे. भीती वगैरे काही नाही.

तुझा,
बाबाराव

*

नागपूर
१७ जानेवारी

ती. दादास जय भीम,

पत्र सकाळी ड्युटीवरून आल्यावर वाचलं आणि झोप उडाली.

तू विनोद केलास, मी तीन प्रश्न विचारते. खदानीपाशी परत आलास तेव्हा मनात काय होतं? वाचनालय, भांडण, जुनं गाणं, असं काही चालू असेल तर मन भटकलं होतं. मेंदूला बाहेरचं काम सवयीचं झालं की तो आतल्या गोष्टी रचत बसतो. सगळ्यांचंच होतं. रस्ता आठवत नाही, पण विचार आठवतात. दुसरं, श्वास चालू असल्याचं ठाऊक होतं का? तर त्याला ध्यान म्हणता येईल. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षं ध्यान करणारे काही लोक येऊन गेलेत. त्यांच्या डोक्यातल्या लहरी संथ होतात, पण हलकेच घंटी वाजवली की मेंदू दर वेळी तिची नोंद घेतो. ते जास्त जागे असतात, कमी नाही.

तिसरं, विचारही नाही, श्वासही नाही, मधे नुसतं काहीच नाही, असं असेल तर दादा, त्याला आमच्याकडे शांतता म्हणत नाहीत.

एक काम कर. पहाटे बसतोस तेव्हा हातात स्टीलचा चमचा धर, चिमटीत, हात गुडघ्याबाहेर. खाली ताट ठेव. बसल्याची वेळ लिही आणि चमचा पडून आवाज झाला की पुन्हा वेळ लिही. वहिनीला विचार की तू घोरतोस का, आणि घोरता घोरता मधेच थांबतोस का.

आई यवतमाळला डायलिसिसला शेजारच्या विक्कीच्या गाडीनेच जाते ना? तू मागून मोटारसायकलवर जातोस का? गाडीतच बसत जा.

शीला

*

घाटंजी
२४ जानेवारी

चि. शीला हिस,

तुझ्या आज्ञेनुसार चमचा-प्रयोग संपन्न झाला. वृत्तांत यथाक्रम निवेदन करतो.

प्रथम दिनी पहाटे पाच वाजून दोन मिनिटांनी पद्मासनाच्या जवळपास जाणाऱ्या एका आसनात मी विराजमान झालो. उजव्या चिमटीत चमचा, खाली जेवणाचे ताट. पुष्पा चहा ठेवण्यासाठी उठली होती, हा विधी पाहून तिने "सकाळी सकाळी कोन जेवून राह्यलं?" एवढाच शेरा मारला. मी डोळे मिटले. पूर्ण शांतता. काही वेळाने डोळे उघडून मी विजयी मुद्रेने तिला सांगितले की चमचा पडलेला नाही.

"कोनता चमचा?" ती म्हणाली.

"हा."

"हात पाहा न तुमचा."

शीला, हात रिकामा होता. बोटे मात्र चिमटीतच होती, जणू काही धरून आहेत. चमचा ताटात पडून उसळला होता आणि चुलीपर्यंत गेला होता. पुष्पाने तो उचलून धुऊन फळीवर ठेवलासुद्धा होता. "केवढ्यानं वाजला," ती म्हणाली, "मांजर पळाली. तुम्ही हलले नाही." तिच्या हिशेबाने बसल्यापासून तीन मिनिटेही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुनःप्रयोग. अडीच मिनिटे. तिसऱ्या दिवशी मी ताट बदलून पितळी परात घेतली, कारण दोष उपकरणात असण्याची शक्यता शास्त्रज्ञाने नाकारू नये. परात वाजली. मी ऐकली नाही.

घोरण्याविषयी: पुष्पा गेल्या वर्षापासून दुसऱ्या खोलीत निजते, यातच उत्तर आहे. थांबण्याविषयी तिला माहीत नाही. आईला विचारावे म्हणाली, कारण आईची बाज माझ्या दाराशी असते. आईने "तू कायले इतकं विचारून राह्यला?" असा प्रतिप्रश्न केला आणि भाकरीकडे वळली.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर मी लिहीत नाही. तुला ते कळले असेल.

विक्कीची गाडी उत्तम स्थितीत आहे. चिंता नसावी.

बाबाराव

*

नागपूर
२९ जानेवारी

दादा,

विक्कीला फोन केला. तो पुण्यात आहे. डिसेंबरापासून. गाडी तिकडेच आहे, उत्तम स्थितीत आहे, हे तू खरं लिहिलंस.

आईला कोण नेतं?

मी उत्तर ओळखलंय, तरी तुझ्या हातून यावं म्हणून विचारते. ते येईपर्यंत मोटारसायकलला हात लावू नकोस. ही विनंती नाही.

तुला होतं ती सूक्ष्मझोप. दोन सेकंद, पाच, कधी पंधरा. पडद्यावर दिसते तेव्हा अजून अंगावर काटा येतो माझ्या, बारा वर्षं झाली तरी. जाग्या माणसाच्या लहरी चालू असतात आणि एका क्षणात त्या झोपेच्या होतात. माणूस बसलेलाच असतो. डोळे उघडे असू शकतात. विचारलं तर तो शपथेवर सांगतो की मी जागा होतो. तो खोटं बोलत नाही. झोपेची साक्ष द्यायला तो तिथे नव्हताच. चमचा तुझ्या हातात होता असं तुला वाटलं, तसंच हॅंडलही वाटणार.

रात्री तुझा घसा मिटत असावा. श्वास अडकतो, मेंदू तुला अर्धवट उठवतो, श्वास सुरू होतो, पुन्हा अडकतो. तुला आठवत नाही, पण रात्रभर झोप लागत नाही. मग मेंदू दिवसा मिळेल तिथे झोप चोरतो. पाटावर. रस्त्यावर.

तपासणीसाठी १२ फेब्रुवारीचा पलंग तुझ्या नावाने ठेवलाय. यायचं. बसने.

शीला

*

घाटंजी
शुक्रवार, २ फेब्रुवारी

चि. शीला,

तुझे पत्र काल मिळाले. दोन दिवस आधी मिळाले असते तर, हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.

मी नेतो. विक्की गेल्यापासून मीच नेतो. डायलिसिसची पाळी सकाळी सातची आहे आणि त्या वेळेस पोहोचवणारी एसटी नाही. तुला सांगितले असते तर तू नोकरी सोडून आली असतीस. म्हणून असत्य नव्हे, परंतु सत्याच्या अंगणाबाहेरचे लिहिले.

आई मागे बसते. पहाटे तिला डुलकी लागते. परतताना तर ती निथळलेल्या कापडासारखी झालेली असते. म्हणून इकडे लहान लेकरांना बांधतात तसे मी तिला दुपट्ट्याने माझ्या पाठीशी बांधतो. तिच्या पाठीवरून वेढा घेऊन माझ्या समोर गाठ. दुहेरी गाठ, शीला. ती झोपली तरी पडू नये म्हणून. मी दर वेळी ओढून पाहतो, घट्ट आहे ना.

तीन दिवसांपूर्वी, मंगळवारी, पूल संपला. त्यानंतर जे दिसले ते खदानीचे फाटक नव्हते. माझ्यासमोर कापसाचा ट्रक होता. उभा. दोन्ही अंगांनी फुगलेला, वर ताडपत्री, त्याचे मागचे लाल दिवे लुकलुकत होते. त्या ताडपत्रीला एक चौकोनी ठिगळ होते आणि मला ठिगळाचे टाके दिसत होते. टाके दिसतील एवढ्या अंतरावर होतो मी. कुशीत ती कळ आली नसती तर टाके दिसलेही नसते.

गाडी मातीत उतरली, बाभळीला घासली आणि बंद पडली. आम्ही पडलो नाही. मी गाठ सोडायला गेलो तर ती सुटेना. इतकी घट्ट मीच बांधली होती. मी पडलो असतो तर ती सुटली नसती, हे मला तेव्हा प्रथम उमगले. दोन महिने मी झोपणाऱ्या माणसाला आपली आई बांधून देत होतो.

आई "चाल, सात वाजते," एवढेच म्हणाली. आणि शीला, मी पुन्हा गाडी सुरू केली. दुसरा उपाय नव्हता. उरलेला रस्ता मी मोठ्याने श्लोक म्हणत गेलो; कोणते ते आठवत नाही. संस्कृताचा एवढा उपयोग मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

आज शुक्रवार. तिच्या पोटात दुखते म्हणून ती आज गेली नाही. मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेची आता लाज वाटते, पण लिहून ठेवतो.

बाबाराव

*

घाटंजी
३ फेब्रुवारी

शीला माय,

मी सांगून राह्यली न् शेजारची विमलताई लिहून राह्यली. बाबारावले हे पत्र माहीत नाही, तूही सांगू नको.

तुह्या भावाले झोप येते गाडीवर. मले पह्यल्या दिवसापासून माहीत आहे. मी मागं बसतो त त्याच्या पाठीवर माहा गाल असते. मानूस जागा असला की पाठ येगळी असते न् झोपला की येगळी. पाठ सैल पडली का मी त्याच्या कुशीत चिमटा घेतो. जोरानं. मंग तो ताठ होते. त्याले वाट्टे मी झोपली. मी कायची झोपतो? दोन महिने झाले, मी त्या गाडीवर डोया मिटला नाही.

रात्रीही तसंच. तो घोरते, मंग एकदम गप होते. मी मोजतो. वीस, तीस. एकदा पन्नासच्या वर गेलती. तवा मी बाजेवरून काठी आपटतो. तो कूस बदलते न् श्वास घेते. म्हनून माही बाज त्याच्या दाराशी टाकली. पुष्पाले वाट्टे म्हातारीले वारा लागते तिथं.

मंगळवारी ट्रक होता. माह्या बोटात आता जोर नाही राह्यला माय. पह्यला चिमटा त्याले लागलाच नाही. दुसऱ्यानं उठला. पुढच्या खेपेले दुसराही नाही लागला त?

म्हनून मी ठरवलं. मी जातच नाही आता. शुक्रवारी पोट दुखते म्हटलं. मंगळवारी पाय दुखते म्हनीन. मी नाही गेली त त्याले गाडी काढा लागत नाही. माहं वय झालं. त्याचं नाही झालं.

विमलताई मले रागावून राह्यली, लिहीत नाही म्हने. मी म्हटलं, लिही, नाहीत पोस्टमनलेच सांगतो.

त्याच्या झोपेचं तू पाह्य. तुले समजते त्यातलं.

तुही माय,
तुळसाबाई

*

नागपूर
२० फेब्रुवारी

दादा,

६ तारखेच्या मंगळवारी काय झालं ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. आईचं पत्र सकाळी अकराला हातात पडलं आणि मी दुपारी गाडी करून घाटंजीला होते, एवढंच. तिचे सुजलेले पाय, ती धाप, मग यवतमाळचं डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, बुधवारपर्यंत थांबला असता तर. तेही वाक्य आपण अपुरंच ठेवू.

रागावले होते मी तुझ्यावर. तिच्यावरही. तू तिला सांगितलं नाहीस, तिने तुला सांगितलं नाही, आणि दोघांनी मिळून मला.

आता तुझा अहवाल. तपासणीच्या रात्री दुसऱ्या कोणाला बसवणार होते, बसवलं नाही. काचेपलीकडे मीच होते. तासाला सत्तेचाळीस वेळा तुझा श्वास अडला. छाती हलते, घसा मिटलेला, हवा शून्य. रक्तातला प्राणवायू खाली खाली येतो, मग मेंदू धक्का देतो. मी हे रोज पाहते. आकडे लिहिते, चहा पिते. त्या रात्री तीन वाजता श्वास थांबला आणि मी घड्याळाकडे पाहिलं. चाळीसला मी उभी राहिले. पन्नासला माझा हात दाराच्या कडीवर होता. बावन्नला तू श्वास घेतलास.

मग कळलं, आई रोज काय करत होती ते. तिच्याकडे काचही नव्हती, पडदाही नव्हता. नुसती काठी.

नाकावर मुखवटा लावून हवा देणारं यंत्र गेल्या आठवड्यात पाठवलंय. रोज रात्री लावायचं. विनोद कर, पण लाव. पंधरा दिवसांनी चमचा पुन्हा धर. मी सांगेपर्यंत मोटारसायकल नाही. आईची पाळी दुपारी एकची करून घेतलीय. सकाळची एसटी चालेल. आईला सध्या पुष्पावहिनी आणि विमलताई नेत आहेत. चमचा टिकला की तू सोबत जा.

ध्यान सोडू नकोस. आता खरं सुरू होईल ते.

शीला

*

घाटंजी
शनिवार, १६ मार्च

चि. शीला हिस,

मुखवटा धारण करून आज सव्वीस रात्री झाल्या. या अवस्थेत मी हत्ती आणि पाणबुड्या यांच्यामधील एखाद्या प्राण्यासारखा दिसतो. पहिल्या रात्री पुष्पाने दिवा लावला, मला पाहिले आणि विझवला. परंतु ती परवापासून या खोलीत परतली आहे. यंत्राचा आवाज पंख्याएवढाच येतो म्हणते.

चमचा: काल चाळीस मिनिटे. पडला नाही. मात्र पूर्ण शांतता नामशेष झाली आहे, हे तुला सखेद कळवतो. चित्त पुन्हा माकड झाले. श्वास, मग न परतलेली पुस्तके, मग ट्रकच्या ताडपत्रीचे ठिगळ, मग पुन्हा श्वास. ठिगळ रोज येते. त्याचे टाके मोजता येतात. प्रत्येक वेळी मी परत श्वासावर येतो, आणि या परत येण्यासच साधना म्हणतात हे शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी तेव्हा बहुधा झोपलो होतो.

आईची बाज अजून दाराशीच आहे. "यंत्राचा कायचा भरोसा," म्हणते. काठीही आहे.

आता कालचे. शुक्रवार, एसटीने आई आणि मी, प्रथमच दोघे. तिला खिडकी दिली. बसल्यावर तिने पिशवीतून तो दुपट्टा काढला, एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधले आणि दुसरे माझ्या. मी म्हणालो, "आई, ही बस आहे. ड्रायव्हर वेगळा आहे. कशाला?"

"राहू दे," ती म्हणाली. "सवय लागली."

वाहक तिकिटे देत आला, मनगटांकडे पाहून म्हणाला, "काय काकाजी, पकडून नेऊन राह्यले का?" मी म्हणालो, "मी कैदी, या जमादारीण." आई हसली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, पापण्या तपासत होती. मी तिच्याकडे वळून डोळे मोठे करून दाखवले, लहानपणी दाखवत असू तसे. तिने बराच वेळ पाहिले. मग मान फिरवली.

पूल आला. मी पूल पाहिला. त्यानंतरची दोनशे पावले मी पाहिली, शीला, एकेक. एक मोडके बाक आहे तिथे, पळसाचे एक झाड आहे फुलांनी लाल झालेले, एक पाण्याचा हौद आहे. दोन महिने मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या शेजारून गेलो होतो. मग खदानीचे फाटक आले, आणि बरगड्यांखाली काही झाले नाही.

माझ्या खांद्यावर भार आला. आई झोपली होती.

डुलकी नव्हे. तोंड उघडे, हात सैल, डोक्यावरचा पदर घसरलेला. गाडीवर दोन महिने आणि दाराशी त्याहून अधिक काळ जी झोप तिने घेतली नव्हती, ती सगळी एकदम आली असावी. मी हललो नाही. तिचा श्वास येत होता, जात होता. मध्ये एके ठिकाणी थांबला. म्हाताऱ्या माणसांचा थांबतो, तूच सांगितले होतेस, त्यात विशेष काही नसते. मी मोजू लागलो. चार. सात. नऊ. माझ्या हाताशी काठी नव्हती. अकराव्या आकड्याला तो परत आला.

हे ती रोज करत होती.

उरलेला रस्ता मी तेच करत बसलो. येतो हे जाणले, जातो हे जाणले, थांबला की मोजले. माकड कुठेही गेले नाही. इतका जागा मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि इतका घाबरलेलाही.

यवतमाळ आले. वाहक ओरडला, लोक उतरले, बस रिकामी झाली. तो परत येऊन म्हणाला, "काकाजी, उतरा न आता." मी त्याला हाताने खूण केली. गाठ सोडायला एकच हात मोकळा होता, आणि तिचा श्वास नुकताच बाहेर गेला होता. पुढचा आत येईपर्यंत मी गाठीला हात लावला नाही.

तुझा,
बाबाराव